समुद्राच्या पिकाचा हिशेब

(कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 यंदाचा विषय म्हणून मी समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत यांचं नाव कळवलं, तेव्हा संयोजकांनी एक रास्त शंका काढली : ‘सर, समुद्राचा विषय आपल्याकडं चालेल का?’ समुद्र इथून सरळ रेषेत धरला तरी तीनशे किलोमीटरहून लांब. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो मुंबईच्या चौपाटीवर किंवा अलिबागच्या सहलीत पाहिला असेल, काहींनी नसेलही. आपलं पाणी म्हणजे गोदावरी, जायकवाडीचा डावा कालवा आणि विहीर. चर्चा व्हायची तर मोसंबीच्या भावाची, उसाच्या तोडीची.

पण समुद्र आपल्याकडं रोज येतो. बाजारात सुकटीचा ढीग लावून बसलेल्या बाईकडं तो असतो. जवळ्याचा एक वाळका कण हातात घेऊन पाहा. काळ्या टिपक्यांसारखे डोळे दिसतात, केसासारख्या मिशा दिसतात. हा जीव मेला तेव्हा त्याच्या पोटात समुद्रातल्या बारीक हिरव्या कणांचा घास होता. मीठ समुद्राचं. आणि जूनमध्ये आपण ज्याची वाट पाहतो तो पाऊसही बव्हंशी समुद्रावरूनच उचललेला. मृगाचा पाऊस लांबला की आपण आभाळाकडं पाहतो. वेधशाळेतली माणसं त्याच वेळी प्रशांत महासागराच्या पाण्याचं तापमान पाहत असतात. त्यामुळं ज्या बाईंनी समुद्राचा हिशेब मांडण्यात आयुष्य घातलं, त्यांच्याविषयी बोलायला ही जागा परकी नाही.

आता मुलांसाठी एक प्रश्न. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तो हमखास असतो : अंटार्क्टिकावर जाणारी पहिली भारतीय महिला कोण? काही पुस्तकांत उत्तर अदिती पंत असं छापलेलं असतं. काहींत सुदीप्ता सेनगुप्ता. काहींत तिसरंच नाव दिसतं, मेहेर मूस, आणि पुढं कंसात १९७६ साल. मुलं भांडतात, शिक्षक म्हणतात ‘पुस्तकात आहे तेच लिहा’. मेहेर मूस या मुंबईच्या पारशी बाई, जगभर भटकलेल्या, प्रवासी म्हणून तिकडं गेल्या. पंत आणि सेनगुप्ता सात वर्षांनी सरकारी मोहिमेतून, वैज्ञानिक म्हणून गेल्या. प्रश्न विचारणाऱ्यानं नीट विचारला असता तर भांडणच उरलं नसतं. पण माझं दुखणं वेगळं आहे. तीस-बत्तीस वर्षांच्या कामातून आपण नेमकी ती एक ओळ उचलली, जी पोहोचण्याविषयी आहे. डॉ. पंत यांचं आयुष्य मोजण्यात गेलं. अंटार्क्टिकाला त्या मोजायला गेल्या होत्या. आजचं व्याख्यान त्या मोजण्याबद्दल आहे.

औंधची नात

अदिती पंत यांचा जन्म ५ जुलै १९४३ रोजी नागपूरला झाला. घराणं औंधच्या पंतप्रतिनिधींचं. आजोबा बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे, औंधला संग्रहालय उभारणारे राजे. मराठी माणसाला त्यांची आणखी एक ओळख हवी. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं आपल्या संस्थानाला घटना दिली आणि राज्यकारभार गावपंचायतींकडं सोपवायला सुरुवात केली. राजानं आपण होऊन अधिकार सोडल्याची अशी उदाहरणं या देशात फार नाहीत. त्याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत झाली, आणि किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्याच संस्थानात वाढला. त्या घटनेच्या प्रयोगात बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढं होते. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि अप्पासाहेब भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले. पुढं सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, इटली. हे अदितीबाईंचे वडील. आई नलिनीबाई डॉक्टर.

असं घर पाठीशी असलं की मुलीच्या वाटा सोप्या होतात, हे मान्य करायला हवं. परदेशात शिकणं त्या काळी शेतकऱ्याच्या मुलीच्या स्वप्नातही नव्हतं. पण घरानं वाट सोपी केली ती शिक्षणाची. ज्या विषयाकडं त्या गेल्या त्या विषयाला त्या वेळी भारतात धड दारसुद्धा नव्हतं. समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था निघाली ती १९६६ साली.

त्यांनी पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. केलं. त्याच काळात एका स्नेह्यांकडून त्यांच्या हातात एक इंग्रजी पुस्तक आलं : सर ॲलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’. पहिला भाग १९५६ साली निघालेला, सगळा प्लँक्टनवर. मराठीत आपण प्लवक म्हणतो. पाण्यात तरंगणारे, प्रवाहाच्या विरुद्ध पोहण्याचं बळ नसलेले जीव. बरेचसे इतके लहान की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. हार्डी नुसते प्राध्यापक नव्हते. १९२५ ते १९२७ या काळात ते ‘डिस्कव्हरी’ या जहाजावरून दक्षिण महासागरात गेले होते. देवमासे कशावर जगतात, आणि ते जे खातात ते कशावर जगतं, हे शोधायला. पुस्तकातली चित्रंही त्यांनी स्वतः रंगवलेली. ते पुस्तक वाचून पुण्यातल्या एका विद्यार्थिनीनं समुद्रावर काम करायचं ठरवलं, असं त्यांनीच पुढं सांगून ठेवलंय. हार्डी ज्या पाण्यात उतरले होते त्याच पाण्याचे नमुने वीसेक वर्षांनी ती मुलगी काढणार होती.

हवाईचं ऊन

अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या हवाई विद्यापीठात एम.एस. करायला गेल्या. विषय निवडला प्लवकांच्या नैसर्गिक समूहातलं प्रकाशसंश्लेषण. शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो, कारण त्याहून चांगली भाषा मला सापडलेली नाही. समुद्र हेही शेत आहे. त्यात पेरणारा कुणी नाही, पण पीक येतं. पीक म्हणजे हे वनस्पतीप्लवक. ऊन घेतात, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड घेतात, नायट्रेट-फॉस्फेटसारखी खतं घेतात, आणि वाढतात. त्यांना बारीक जीव खातात, त्या जिवांना मासे, माशांना आपण. शेतकरी सुगीला जे विचारतो तेच अदितीबाई समुद्राला विचारत होत्या : ऊन एवढं पडलं, त्यातलं पिकात किती उतरलं, आणि मधल्या मधे गेलं किती?

हे पीक केवढं मोठं आहे बघा. पृथ्वीवर वर्षभरात जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं साधारण निम्मं समुद्रात होतं. आपण घेतो त्या श्वासातला प्राणवायू जंगलांनीच दिला असं शाळेत शिकवतात. हा अर्धा वाटा त्यात सांगायचा राहून जातो. गंमत अशी की कोणत्याही एका दिवशी जगातल्या सगळ्या वनस्पतींचं वजन केलं तर समुद्रातल्या या प्लवकांचा वाटा शेकडा एकाच्या आसपास भरेल. एवढ्याशा भांडवलावर निम्मं उत्पन्न. कारण हे जीव काही दिवसांत दुप्पट होतात आणि तेवढ्याच वेगानं खाल्लेही जातात. साठा दिसत नाही, उलाढाल प्रचंड.

आता जे दिसत नाही आणि साठतही नाही, ते मोजायचं कसं? मुलांनी इथं नीट लक्ष द्यावं. १९५२ साली डेन्मार्कच्या स्टीमान नील्सन यांनी एक रीत सांगितली आणि जगभरच्या समुद्रशास्त्रज्ञांनी ती उचलली. जहाज थांबवायचं. तारेला बांधलेली बाटली दोन्ही तोंडं उघडी ठेवून ठरलेल्या खोलीपर्यंत सोडायची. वरून तारेवरून पितळेचं एक वजन सोडून द्यायचं; ते सळसळत खाली जातं, बाटलीच्या खटक्यावर आपटतं आणि बाटली बंद होते. म्हणजे वीस मीटरवरचं पाणी हे वीस मीटरवरचंच राहतं. ते पाणी काचेच्या छोट्या बाटल्यांत भरायचं. काही बाटल्या पारदर्शक, काही काळं आवरण घातलेल्या. प्रत्येकीत किरणोत्सारी कार्बन असलेल्या बायकार्बोनेटचे थेंब टाकायचे. मग बाटल्या पुन्हा त्याच त्याच खोलीवर टांगून ठेवायच्या, किंवा तेवढ्याच उजेडात ठेवायच्या. काही तासांनी काढायच्या, पाणी अगदी बारीक छिद्रांच्या कागदातून गाळायचं. कागदावर फिकट हिरवट डाग राहतो. त्या डागात किती किरणोत्सारी कार्बन शिरला ते यंत्र मोजतं. उजेडातल्या बाटलीतून अंधारातल्या बाटलीचा आकडा वजा केला की उन्हानं किती पीक दिलं ते कळतं. एका ठिकाणचा, एका दिवसाचा, एका खोलीचा आकडा. मग दुसरी खोली. मग दुसरं ठिकाण. जहाज डोलतंय, पोटात ढवळतंय, आणि बाटलीवरची चिठ्ठी चुकीची लागली तर अख्खा दिवस वाया.

उष्ण कटिबंधात हे मोजताना एक विचित्र गोष्ट समोर येते. ऊन सगळ्यात जास्त पृष्ठभागावर, म्हणून पीकही तिथंच जास्त असायला हवं. तसं नसतं. भर दुपारच्या उन्हात अगदी वरच्या थरातल्या पेशींचं काम मंदावतं. प्रकाश इतका होतो की पेशीची यंत्रणा त्याला पुरी पडत नाही. सगळ्यात जास्त उत्पन्न काही मीटर खाली मिळतं. आणखी एक गोष्ट. पेशीनं तयार केलेलं अन्न सगळंच पेशीत राहत नाही. त्यातला काही भाग विरघळलेल्या रूपात बाहेर पाण्यात पाझरतो आणि त्यावर जीवाणू जगतात. हाच तो ‘मधल्या मधे गेलेला’ माल. तो वाया जात नाही. दुसऱ्याच्या ताटात जातो. प्लवकांकडून जीवाणूंकडं कार्बन कसा जातो, या प्रश्नानं अदितीबाईंना धरून ठेवलं. पुढं १९८० च्या दशकात जगभर या साखळीवर संशोधनाचा मोठा ओघ सुरू झाला. त्या या दाराशी आधीच उभ्या होत्या.

पीएच.डी. त्यांनी लंडन विद्यापीठाच्या वेस्टफिल्ड कॉलेजातून केली, सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर. तिथं राहिल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. पण डॉ. एन. के. पणिक्कर यांची भेट झाली. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे हे पहिले संचालक. त्यांच्या बोलण्यानं त्या परत यायला तयार झाल्या. परदेशातल्या भारतीय शास्त्रज्ञांना परत आणण्यासाठी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची (सीएसआयआर) एक योजना होती. तिच्यात पूल ऑफिसर म्हणून अर्ज केला आणि १९७३ साली त्या गोव्यात आल्या.

दोनापावला ते कन्याकुमारी

संस्था दोनापावलाच्या टेकडीवर. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला जुवारी, समोर अरबी समुद्र. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली होती. तोवर जगातल्या मोठ्या महासागरांत सगळ्यात कमी अभ्यासलेला तो आपलाच. त्या मोहिमेच्या कागदपत्रांतून आणि नमुन्यांतून ही संस्था उभी राहिली. संस्थेचं पहिलं मोठं जहाज ‘गवेषणी’ १९७६ साली आलं. तोवर किनाऱ्याजवळच्या कामाला मिळेल त्या बोटी.

अदितीबाईंनी पश्चिम किनारा पालथा घातला. गुजरातेतल्या वेरावळपासून खाली कन्याकुमारीपर्यंत आणि पलीकडं मन्नारच्या आखातापर्यंत. हे काम कुणाच्या स्पर्धा परीक्षेत येत नाही, पण मला ते त्यांच्या आयुष्याचा कणा वाटतं. किनाऱ्याजवळचं पाणी म्हणजे गाळ, नदीचं गोडं पाणी, भरती-ओहोटी आणि पावसाळा या सगळ्यांची खिचडी. मांडवीच्या मुखाशी मे महिन्यात पाणी समुद्राइतकं खारट असतं आणि जुलैत पावसाच्या लोंढ्यानं जवळपास गोडं होतं. तिथल्या जिवांना दोन महिन्यांत दोन जगांत राहावं लागतं. मे महिन्यात एकदा पाणी काढून कुणी निबंध लिहिला, तर तो मे महिन्याविषयी खरा आणि मांडवीविषयी खोटा ठरेल. म्हणून परत परत त्याच जागी जायचं.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याला आणखी एक गोष्ट होते. नैर्ऋत्येचा वारा आणि किनाऱ्यालगतचे प्रवाह यांच्यामुळं खालचं थंड, खताळ पाणी वर येतं. प्लवकांचं पीक फोफावतं, आणि त्यामागोमाग तारली, बांगडा. जून-जुलैत मासेमारी बंद ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात जातात. खवळलेला दर्या आणि माशांच्या विणीचा काळ ही त्याची रोकडी कारणं. कोळी बांधवांना हे पिढ्यांपिढ्या ठाऊक. शास्त्रज्ञाचं काम त्या माहितीला आकडा देणं : किती खोलीवर, किती कार्बन, कोणत्या महिन्यात. आकडा मिळाला की पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता येते, आणि काही बिघडलं तर बोट ठेवता येतं.

दक्षिण गंगोत्री

आता ती प्रसिद्ध मोहीम. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. एकवीस माणसं होती. तिसरी मोहीम डिसेंबर १९८३ मध्ये निघाली. नेते भूभौतिकशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता, जहाज फिनलंडचं ‘फिनपोलॅरिस’. ऐंशीच्या वर माणसं, आणि त्यांत दोन स्त्रिया : समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि कोलकात्याच्या भूवैज्ञानिक, गिर्यारोहक सुदीप्ता सेनगुप्ता.

या मोहिमेवर एक मोठी जबाबदारी होती. ती समजायला थोडं राजकारण सांगावं लागेल. अंटार्क्टिकावर कुणाची मालकी नाही, पण कारभार आहे. तो १९५९ च्या करारानं चालतो. त्या करारात मत कुणाला? जो देश तिथं भरीव संशोधन करतो त्याला. पैसा, सैन्य, लोकसंख्या यांतलं काहीही त्यासाठी चालत नाही. भारतानं करारावर सही केली ऑगस्ट १९८३ मध्ये आणि सप्टेंबरमध्ये भारताला निर्णयात भाग घेणारा सदस्य म्हणून मान्यता मिळाली. तीन महिन्यांनी ही मोहीम निघाली. मान्यता मिळाली होती. आता ती सार्थ ठरवायची होती. म्हणून बर्फाच्या थरावर लाकडी, जोडणीच्या इमारतींचं भारताचं पहिलं कायमचं ठाणं, दक्षिण गंगोत्री, त्या एका उन्हाळ्यात उभं राहिलं आणि बारा जणांची तुकडी हिवाळाभर राहायला मागं थांबली. बारा जण राहिले, बाकीचे मार्च १९८४ मध्ये गोव्याला परतले.

लोक विचारतात, बायकांना तिथं फार त्रास झाला असेल नाही? थंडी स्त्री-पुरुष बघत नाही. अडचण माणसांच्या डोक्यात होती, आणि ती फक्त भारतात नव्हती. अमेरिकेनं आपल्या स्त्री शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकाला जायची परवानगी १९६९ साली दिली. ब्रिटनच्या अंटार्क्टिक संस्थेची पहिली स्त्री भूवैज्ञानिक प्रत्यक्ष कामाला गेली ती १९८३ च्या सुमारास, म्हणजे आपल्या दोघींच्याच आगेमागे. बर्फाशी ज्यांचा शंभर वर्षांचा संबंध त्यांनी जे तेव्हा केलं, ते भारतानं आपल्या तिसऱ्या मोहिमेतच केलं. संघात दोन स्त्रिया घेण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनाही श्रेय द्यायला हवं.

आणि आता काम. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र हे एक कोडं होतं. पाण्यात खतं भरपूर, उन्हाळ्यात सूर्य चोवीस तास वर, तरी बऱ्याच भागांत प्लवकांचं पीक अपेक्षेपेक्षा कमी. याचं एक मोठं कारण १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढं आलं : लोह. जमिनीवरून उडून येणारी धूळ त्या समुद्रापर्यंत फारशी पोहोचत नाही, म्हणून लोहाचा तुटवडा. आपल्या मोसंबीच्या पानांत लोह कमी पडलं की पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तो रोग इथल्या बागायतदारांना ठाऊक आहेच. अदितीबाई गेल्या तेव्हा हे उत्तर आलेलं नव्हतं. त्यांचं काम होतं त्या अन्नसाखळीची पायाभूत मोजणी : पाण्याचं तापमान आणि क्षारता, त्यातली रसायनं, त्यातले जीव, आणि एकाकडून दुसऱ्याकडं जाणारं अन्न.

याची गरजही रोकडी होती. त्या साखळीच्या मधोमध क्रिल नावाचा कोळंबीसारखा जीव आहे, फार तर सहा सेंटिमीटरचा. प्लवक खाणारा, आणि देवमासे, सील, पेंग्विन यांना पोसणारा. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांच्या आसपास देवमासे मारले गेले. देवमासे संपत आले तेव्हा काही देशांची नजर क्रिलवर गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत आणि जपानी बोटी वर्षाला पाच लाख टनांपर्यंत क्रिल उपसत होत्या. किती काढलं तर पुन्हा भरेल? हे सांगायला आधी खालचं पीक किती ते माहीत हवं. ज्या देशाकडं आकडे, त्या देशाचं म्हणणं बैठकीत ऐकलं जातं. बाटल्या भरणाऱ्या बाईंचा आणि परराष्ट्रधोरणाचा संबंध असा आहे. राजदूताची मुलगी देशाची वकिली अशा रीतीनं करत होती.

अदितीबाई पाचव्या मोहिमेतही गेल्या. माझ्या मते पहिल्या खेपेपेक्षा ही दुसरी खेप महत्त्वाची. पहिल्यांदा जाण्याला इतिहास मोजतो. दुसऱ्यांदा जाण्यानं विज्ञान होतं, कारण एका उन्हाळ्याचा आकडा हा नुसता आकडा असतो. दोन उन्हाळ्यांचे आकडे शेजारी ठेवले की प्रश्न विचारता येतो. भारत सरकारनं त्यांना अंटार्क्टिका पुरस्कार दिला. सेनगुप्ता, जया नैथानी आणि कंवल विल्कू यांच्यासोबत. दक्षिण गंगोत्री काही वर्षांत बर्फाखाली गाडली गेली आणि १९९० साली ती सोडून द्यावी लागली. मैत्री हे दुसरं ठाणं खडकावर बांधलं, भारती हे तिसरं २०१२ साली सुरू झालं. २०१६-१७ मध्ये इस्रोच्या मंगला मणी यांनी भारतीवर चारशेहून अधिक दिवस काढले. वाट रुळली ती अशी.

मिठातले जीव

१९९० साली सतरा वर्षांची गोव्यातली कारकीर्द संपवून अदितीबाई पुण्याला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या. समुद्र सुटला असं वरवर वाटतं. प्रश्न सुटला नाही. प्लवकांकडून पाझरणारं अन्न जीवाणू खातात, हे त्यांनी तरुणपणी धरलेलं सूत्र. आता त्या जीवाणूंकडंच वळल्या : मीठ सोसणारे आणि मिठाशिवाय जगू न शकणारे सूक्ष्मजीव, आणि त्यांची एन्झाइम्स. एन्झाइम म्हणजे पेशीतलं रासायनिक काम घडवून आणणारं प्रथिन. साधं प्रथिन दाट मिठात विस्कटतं, गुठळी होऊन बसतं. या जिवांची प्रथिनं मात्र मिठातच धड काम करतात. पंधरा वर्षं हे काम चाललं. एकूण कारकिर्दीत पाच पेटंट आणि साठाहून अधिक शोधनिबंध.

इथं मंडळी, विषय थेट आपल्या बांधावर येतो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. जून २०२० मध्ये त्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. कुणी शाप म्हणालं, कुणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा कारण निघालं मीठप्रिय सूक्ष्मजीव. पाणी आटलं, क्षार वाढले, ते जीव माजले आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्यानं पाणी रंगलं. पुढं पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग गेला. अदितीबाईंनी लोणारवर काम केलं असं मी म्हणत नाही. पण ज्या जातीच्या जिवांमागं त्या पंधरा वर्षं होत्या, त्या जातीचे जीव आपल्या उशाशी आहेत.

आणि पायाशीही. कालवा आला, पाणी मिळालं, ऊस आला. भारी काळ्या जमिनीत निचरा कमी. पाण्याची पातळी वर चढली की खालचे क्षार पाण्याबरोबर वर येतात; पाणी उडून जातं आणि क्षार पांढरे होऊन मागं राहतात. क्षारपड जमीन दाखवायला मला तुम्हाला कुठं न्यायला नको. सांगली-कोल्हापूरकडं यानं हजारो एकर खाल्ले; कालव्याच्या लाभक्षेत्रात हा धोका सगळीकडं आहे. मुळाभोवती क्षार वाढले की जमिनीत पाणी असूनही मुळाला ते ओढता येत नाही. पीक पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. ज्या प्रश्नाचं उत्तर समुद्रातल्या जिवानं कोट्यवधी वर्षांपूर्वी शोधलं, तो प्रश्न आपल्याला आत्ता पडलाय. समुद्री जीवाणूंवर पुण्यात बसून काम करणाऱ्या बाईंचा माझ्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्या शेतकऱ्याला माझं हे उत्तर आहे.

आपण काय करायचं

व्याख्यानाच्या शेवटी ‘त्यांचा आदर्श घ्यावा’ असं म्हणायची पद्धत आहे. राजघराण्यातल्या, हवाई-लंडनला शिकलेल्या बाईंचा आदर्श इथल्या मुलीनं नेमका कसा घ्यायचा, हे कुणी सांगत नाही. मी त्यांच्या कामातली एकच गोष्ट मागतो, तिला राजवाडा लागत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रीतीनं मोजायचं, लिहून ठेवायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच जायचं.

या गावच्या शाळेनं एक वही घालावी. गावातल्या दहा विहिरी निवडाव्यात : काही कालव्याच्या खालच्या अंगाला, काही वरच्या. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, पाण्याची पातळी दोरीनं मोजावी आणि क्षारता मीटरनं. पाण्यातले क्षार दाखवणारा हातात मावणारा मीटर आता स्वस्त मिळतो. पाणी कुणी काढलं, किती वाजता काढलं, विहिरीची मोटर चालू होती का, हे सगळं लिहायचं. आकडा विचित्र आला म्हणून खोडायचा नाही. शेजारी नोंद करायची. सातवीतल्या मुलींनी हे काम हातात घ्यावं अशी माझी सूचना आहे, कारण त्या तीन वर्षं तरी शाळेत असतील आणि खालच्या वर्गाला शिकवून जातील. पहिल्या वर्षी त्या वहीतून काही कळणार नाही. दुसऱ्या वर्षी थोडं कळेल. पाचव्या वर्षी कृषी विद्यापीठातला माणूस ती वही मागायला येईल, कारण एका गावच्या दहा विहिरींची पाच वर्षांची सलग नोंद त्याच्याकडंही नसेल. आणि दहाव्या वर्षी कोणतं शेत क्षारपड होणार आहे हे ते होण्याआधी तुम्ही सांगू शकाल.

हा खर्च शाळेवर नको. पहिला मीटर मी देतो. मुख्याध्यापकांशी तसं बोलणं झालंय. दहा विहिरी कोणत्या ते ग्रामसभेत ठरवा, विहीरमालकांची परवानगी घ्या, आणि पहिली नोंद मृग लागायच्या आत होऊ द्या.